बाटली नवी, आगळ जुनेच

मे महिन्याच्या मध्यावर रत्नागिरीच्या राम आळीतून चालत गेले की दोन वास नाकाशी भांडत असतात. एक पिकल्या हापूसचा. दुसरा त्याच्याइतका कौतुकाचा नाही, पण कोकणी माणसाला तो झोपेतही ओळखता येतो. उन्हात वाळत घातलेल्या, मिठाचे पुट चढलेल्या रातांब्याच्या सालींचा तो आंबटखारा वास. दुकानाच्या फळीवर मात्र आता वास उरलेला नाही. तिथे बाटल्या, पाकिटे, डबे उभे असतात. काहींवर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या छापखान्यातली तांबडी-हिरवी, थोडी फिसकटलेली अक्षरे. काहींवर पांढऱ्याशुभ्र जागेत एक नाजूक रेघ, एक पान आणि इंग्रजीतले एक छोटेसे नाव. आत दोन्हीकडे कोकमाचे आगळच. किंमत मात्र एकीची दुसरीच्या दुप्पट.

गिऱ्हाईक फळीसमोर थबकते. मुंबईची सून नव्या बाटलीला हात घालते, तिची सासू जुन्या. दोघींनाही चव बघता येत नाही, कारण झाकण सीलबंद. म्हणजे निवड आगळाची नव्हे, कागदाची होते. या कागदाच्या तुकड्यावर किती घरांचा संसार टांगलेला असतो, याचा विचार फळीसमोर कोणी करत नाही. करायचे कारणही नाही. पण कर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला तो केल्यावाचून राहवत नाही.

लेबल नव्हते तेव्हा

कोकणात खाद्यपदार्थाला नाव होते, लेबल नव्हते. ‘जोशीकाकूंची आमसुले’ किंवा ‘खालच्या वाडीतल्या वहिनींची फणसपोळी’ एवढी ओळख पुरे. मुंबईला निघालेल्या चाकरमान्याच्या हाती, नाहीतर एस.टी.च्या कंडक्टरला गळ घालून, जुन्या औषधाच्या किंवा दारूच्या बाटलीत भरलेले आगळ गिरगावात, परळला, डोंबिवलीला पोचायचे. बूच घट्ट बसावे म्हणून वर फडके बांधलेले. त्या फडक्याची गाठ हाच शिक्का. माल बिघडला तर पुढच्या गणपतीत गावी आल्यावर तोंडावर सांगता येई. याहून कडक ग्राहक न्यायालय दुसरे नाही.

बाटलीचेही एक गमतीदार नाते या गावाशी आहे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांनी ज्या पैसा फंडाच्या पाठीशी आपले वजन उभे केले, त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. घरटी एकेक पैसा गोळा करून काच बनवायची, ही त्या काळची स्वदेशीची कल्पना. आपला माल आपल्या भांड्यात भरून विकावा, हा विचार तेव्हापासूनचा आहे. कोकणाने मात्र आपला माल फार काळ दुसऱ्याच्या रिकाम्या बाटलीत भरला.

मग कायदा आला. फळांपासून केलेल्या पदार्थांसाठी १९५५ चा फळ उत्पादन आदेश आला आणि लोणच्या-सरबताच्या बाटलीवर ‘एफपीओ’चा शिक्का दिसू लागला. शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका २००१ सालचा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आणि त्याचे नियम २०११ पासून लागू झाले. तेव्हापासून चौदा आकडी परवाना क्रमांक आला. नक्त वजन, कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, घटक पदार्थ, पोषणमूल्ये अशी यादी वाढत गेली. अंगठ्याएवढ्या चिठ्ठीवर सातबाराइतका मजकूर! त्यातही हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जादा म्हणून चालते, एकटी चालत नाही. त्यामुळे एखाद्या काकूंनी शुद्ध मराठीत सगळे सांगितले तरी कायद्याच्या दृष्टीने त्या मुक्याच.

हे सगळे का आले? कारण गिऱ्हाईक अनोळखी झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. गणपतीपुळे आणि पावस ही नावे सहलीच्या पत्रकांवर आली. जो माणूस आयुष्यात एकदाच रत्नागिरीला येणार आणि जाताना दोन पिशव्या भरून नेणार, त्याला जोशीकाकू कोण हे कसे कळावे? त्याच्याशी बोलायचे काम मग चिठ्ठीने करायचे. लेबल म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या जागी लावलेली पाटी.

पेटीवरचे गाव

ही पाटी खोटेही बोलू शकते, हे कोकणाइतके कोणी सोसलेले नाही. आंब्याचीच गोष्ट घ्या. एके काळी हापूस लाकडी पेटीतून जाई. आत भाताचा पेंढा, त्यात थर लावून ठेवलेली फळे, वर खिळे ठोकलेल्या फळ्या आणि फळीवर काळ्या शाईत बागायतदाराचे नाव नि ‘रत्नागिरी’. पुढे लाकूड महागले, पुठ्ठ्याचे खोके आले. वजन कमी झाले, फळाला वारा लागायला भोके आली, रंगीत छपाई आली. वेष्टनाची ही सुधारणा शंभर टक्के गरजेची होती.

पण छापलेले खोके कुणालाही विकत मिळते. मुंबईच्या बाजारात, आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि मग वाशीला, परप्रांतातला आंबा ‘रत्नागिरी हापूस’ लिहिलेल्या खोक्यात जाऊन बसू लागला. लाकडी पेटीवर हाताने नाव घालणारा माणूस गेला आणि छापील नाव पोरके झाले. अखेर २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच फळाला ‘हापूस’ म्हणता येईल, असे कायद्याने ठरले. त्याआधी दोन वर्षे, २०१६ मध्ये, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमालाही तो मान मिळाला होता. त्याचा गाजावाजा झाला नाही, कोकमाचा स्वभावच तसा. आता फळावर चिकटवलेला संकेत मोबाइलने वाचून बाग कुठली ते पाहता येते. फडक्याच्या गाठीचे काम पुन्हा करू पाहणारी ही यंत्राची गाठ.

काकू आणि सूनबाई

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत असे एक कर्ज खाते माझ्या टेबलावर होते. गावाचे आणि मालाचे नाव सांगत नाही. ते लोक आजही तिथेच आहेत आणि त्यांना प्रसिद्धीची हौस नाही. रत्नागिरी तालुक्यातले घर. काकूंनी नव्वदच्या सुमारास पडवीत आगळ, आमसुले आणि आंबापोळी सुरू केली. लेबल गावच्या छापखान्यातले, दोन रंगांचे. मधोमध तुळशीवृंदावनाचे चित्र. ते चित्र काकूंच्या दिरांनी काढलेले, म्हणून वृंदावन किंचित डावीकडे कललेले. ते तसेच वीस वर्षे छापले गेले.

पुढे मुलगा आणि सून पुण्याची नोकरी सोडून गावी आले. सूनबाई शिकलेली, हिशेबाला चोख, कष्टाला मागे न हटणारी. तिने पहिल्याच वर्षी दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक, बाटल्यांची पत्र्याची झाकणे आगळाच्या मिठाने आणि आंबटपणाने गंजतात आणि दुकानदार तेवढ्यावरून माल परत करतो. दोन, दुकानाच्या दारात उन्हाकडे ठेवलेल्या पांढऱ्या बाटलीतला लाल रंग पावसाळ्यापर्यंत तपकिरी पडतो. दोन्ही मुद्दे खरे. कोकमाचा तांबडा रंग हा फळाचा स्वतःचा रंग. उजेडाने आणि उष्णतेने तो उडतो. आंबापोळीचे दुखणे निराळे. साध्या पिशवीतून तिला आषाढातला दमट वारा लागला की ती चिकट होते, मग बुरशी.

तेव्हा वेष्टन बदलायला हवेच होते. पण सूनबाईने सगळेच बदलायचे ठरवले. नवे इंग्रजी वळणाचे नाव, पांढरी पार्श्वभूमी, वृंदावन रद्द. त्यासाठी तिला वाढीव कर्ज हवे होते. काकू सोबत आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, हिचं सगळं पटतं मला. फक्त मला एवढं सांगा, आमच्या परळच्या वहिनींना ही बाटली आमची आहे हे कसं कळायचं?”

सूनबाई म्हणाली, “आई, परळच्या वहिनी वर्षाला दोन बाटल्या घेतात. तेवढ्यावर चौदा बायकांची मजुरी निघत नाही.”

दोघींचेही बरोबर होते. अडचण तीच होती.

या चौदा बायकांबद्दल सांगायला हवे. एप्रिल-मे हे दोन महिने त्या वाडीतून येत. रातांबे फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, साली रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायच्या. हात आठवडाभर लाल. पाऊस लागण्यापूर्वीची आगोट, म्हणजे चार महिन्यांचे तांदूळ, मीठ, मिरची, सुके मासे, आणि जूनमधली मुलांची वह्या-पुस्तके, हे सगळे या मजुरीतून व्हायचे. लेबलवर मालकाचे नाव असते, परवान्याचा क्रमांक असतो. या हातांना तिथे जागा नसते. पण लेबल फसले तर पहिला फटका याच हातांना बसतो.

सिलिंडरचा हिशेब

वेष्टन बदलणे म्हणजे चित्रकाराला पैसे देणे, अशी पुष्कळांची समजूत असते. खरा खर्च वेगळाच. छापील पाऊच करायचा तर मोठ्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंग म्हटले की सहा सिलिंडर. ते एकदा कोरले की पत्त्यातली एक वेलांटी बदलायलाही नवा खर्च. शिवाय कारखाना थोडका माल छापून देत नाही. तो हजारांत बोलतो.

साधे गणित मांडू. समजा घरचा खप वर्षाला चार हजार पाकिटांचा आहे आणि छापणारा वीस हजारांखाली हात लावत नाही. म्हणजे पाच वर्षांचे पाऊच एकदम घरात येऊन पडणार. मधल्या काळात सरकारने लेबलचा एक नियम बदलला, किंवा साखर महागून किंमत बदलली, की तो ढीग रद्दी. बँकेच्या भाषेत हा माल ‘स्टॉक’मध्ये दिसतो, पण त्यावर पैसे उभे राहत नाहीत. दुसऱ्याच्या नावाचे छापील पाकीट लिलावात कोण घेणार?

त्यातून कोकणचा धंदा हंगामी. फळ एप्रिल-मेमध्ये रोखीने घ्यायचे, मजुरी आठवड्याला चुकती करायची आणि विक्री होत राहते पुढच्या मार्चपर्यंत. खेळते भांडवल या दोन महिन्यांत जिवाच्या आकांताने लागते. ते पैसे जर फेब्रुवारीतच पाऊचमध्ये अडकले, तर रातांबा झाडाखाली पडून सडतो आणि गोदामात सुंदर रिकामी पाकिटे उरतात. छोटे उद्योग मालाच्या दर्जामुळे क्वचित बुडतात. ते बुडतात चुकीच्या महिन्यात केलेल्या योग्य खर्चामुळे.

म्हणून मी त्यांना सांगितले, पाऊच कोरा घ्या, त्यावर चिकटवायची चिठ्ठी छापा. चिठ्ठी हजारातही छापून मिळते. एक हंगाम बघा. झाकण आणि बाटली मात्र आजच बदला, त्याला थांबू नका.

सूनबाईने चिठ्ठी आपल्या पसंतीची छापली. तो हंगाम वाईट गेला. परळहून, ठाण्याहून विचारणा आल्या: ‘यंदा आगळ दुसऱ्या कुणाचं पाठवलंत का?’ राम आळीतल्या दुकानदाराने तर माल मागच्या फळीवर ढकलला. जुने गिऱ्हाईक वृंदावन शोधत होते आणि नवे गिऱ्हाईक अजून आलेले नव्हते.

मोठ्यांचेही असेच झाले

हे रत्नागिरीच्या पडवीत झाले म्हणून हसू नये. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या मोठ्या कंपनीने आपला खोका बदलला. संत्र्यात खुपसलेली नळी, हे वर्षानुवर्षांचे चित्र काढून रसाने भरलेला पेला आणला. रस तोच. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारी संपायच्या आत कंपनीने जुने चित्र परत आणत असल्याचे जाहीर केले. त्याआधी १९८५ मध्ये कोका-कोलाने उलटे केले होते. नाव कायम ठेवून चव बदलली. लोक इतके चिडले की एप्रिलमध्ये आलेल्या नव्या चवीशेजारी जुलैत जुनी चव परत आणून ठेवावी लागली. एकाने कपडे बदलले, दुसऱ्याने जीव. गिऱ्हाइकाने दोघांनाही परत पाठवले.

आपल्याकडचा शहाणपणाचा नमुना पार्ले-जीचा. मेणकागदाचे वेष्टन जाऊन प्लॅस्टिक आले, ग्लुको हे नाव ऐंशीच्या दशकात बदलले; पण पिवळे-पांढरे पट्टे आणि ती लहान मुलगी हलली नाही. अक्षर न ओळखणारे मूलही तो पुडा ओळखते. दुकानात उभा असलेला माणूस वाचत नाही, तो ओळखतो. चेहरा आधी, नाव नंतर. आपल्या माणसाने मिशी काढली तर आपण क्षणभर बावरतो, पण ओळखतो. मिशी, चष्मा, चाल आणि आवाज एकदम बदलला, तर दार उघडत नाही.

सूनबाई हुशार होती. दुसऱ्या हंगामापूर्वी तिने पडवीत बसून जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: ‘आमच्या बाटलीवर काय होतं, आठवतं का?’ नाव बहुतेकांना धड सांगता येईना. ‘ते वाकडं वृंदावन,’ असे मात्र सगळे म्हणाले. मग वृंदावन परत आले, कललेलेच, तांबड्या-हिरव्या रंगात. नाव जुने, अक्षर सुवाच्य. बाटली गडद काचेची, झाकण न गंजणारे. आंबापोळीला दमटपणा अडवणारे पाकीट, आणि त्यात एका माणसाला एका वेळी पुरेल एवढाच तुकडा, कारण सहलीला आलेले गिऱ्हाईक किलोने घेत नाही. काकूंनी एकच भर सुचवली, मागच्या बाजूला ‘सोलकढी कशी करावी’ याच्या चार ओळी. “पुण्यातल्या मुलींना आगळात मीठ असतं हेच ठाऊक नसतं,” असे त्यांचे म्हणणे. “त्या वरून पुन्हा मीठ घालतात आणि नाव आमचं बद्दू होतं.”

खाते पुढे नियमित झाले. वाडीतल्या बायका चौदाच्या एकोणीस झाल्या. बँकेच्या कागदात हा आकडा कुठेच लिहायचा नसतो, पण मी तो लक्षात ठेवला आहे.

पाठीमागची बाजू

एक गोष्ट मात्र सूनबाईला मनापासून हवी होती आणि तिला ती करता आली नाही. लेबलवर तिला ‘घरगुती’ हा शब्द ठळक छापायचा होता. आता २०१८ पासूनच्या जाहिरातविषयक नियमांनी ग्राहकाचा गैरसमज होईल अशा ‘घरगुती बनावट’ वगैरे शब्दांना आळा घातला आहे; ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ हे शब्दही वाटेल तसे वापरता येत नाहीत. जिच्या पडवीत खरोखर चुलीवर पाक होतो तिलाही हा शब्द नाही, कारण ज्यांच्या कारखान्यात चूल नाही त्यांनी तो वापरून वापरून झिजवला. शब्दांचेही आंब्याच्या खोक्यासारखे झाले. खोटे भरणाऱ्यांमुळे खऱ्याला सील लावून घ्यावे लागते.

म्हणून वाचकांना, विशेषतः मुलाबाळांसह कोकणात उतरणाऱ्या कुटुंबांना, एक सुचवावेसे वाटते. बाटली हातात घेतली की ती उलटी करा. पुढची बाजू विकणाऱ्याची असते, मागची आपली. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. अमृत कोकमात साखर पहिली असेल तर तो दोष नाही, त्याची कृतीच तशी. फळाची साल साखरेत मुरवूनच तो होतो. पण आगळाच्या यादीत कोकम आणि मीठ सोडून पाणी आणि रंग पुढे आले, तर ती बाटली ठेवून द्या. फळाच्या सिरपमध्ये किमान पंचवीस टक्के फळाचा रस असावा लागतो. त्याहून कमी असेल तर ते नुसते रंगीत गोड पाणी. पत्ता कुठला आहे ते पाहा. भरण्याची तारीख पाहा. कोकमाचे काम पावसाआधी होते, हे ध्यानात असू द्या. आणि रंग जरासा मळकट दिसला तर नाक मुरडू नका. झगझगीत लाल रंग पुष्कळदा कोकमाचा नसतोच.

नव्या कपड्यांना माझा विरोध नाही. लग्नघरात म्हातारीलाही नवे लुगडे नेसवतात, आणि त्यात ती शोभून दिसते. फक्त तिला दुसऱ्याच्या नावाने हाक मारू नये. आज कोकणातली पुष्कळ मुले शिकून परत येत आहेत, आजीच्या पाककृतींना नवी बाटली, नवी चिठ्ठी देत आहेत. त्यांच्या हातून काही हंगाम फसतील, काही साधतील. आपण गिऱ्हाइकांनी त्यांना एवढीच मदत करायची: चेहरा ओळखायचा, पाठ वाचायची, आणि आगळ खरे निघाले तर पुढल्या वर्षी पुन्हा तीच बाटली मागायची. रातांबे पुढच्या एप्रिलमध्येही पिकणारच आहेत. ते फोडायला वाडीतून किती हात येतील, हे आपल्या त्या मागण्यावर ठरणार आहे.